वोटिंगची रात्र आणि तालमीची पावती

२००६ च्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं मोबाईल रिचार्जचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय एक काउंटर आणि काचेखाली स्क्रॅच कूपनं. टीव्हीवर तेव्हा गाण्याचा एक शो चालू होता, नाव घेत नाही, पोरापोरींना एका बंगल्यात कोंडायचं, रियाज तिथंच, रडारड तिथंच, आणि दर आठवड्याला एसएमएसच्या मतांवर एकजण घरी. त्यात आमच्याच गल्लीतला पोरगा पोचलेला! चौकात त्याच्या फोटोचा हा एवढा मोठा डिजिटल बोर्ड लागलेला.

त्या दिवशी पोरगा नेमका डेंजर झोनमध्ये आला. वोटिंग सकाळपर्यंत चालू राहणार होतं. एपिसोड संपतोय न संपतोय तोवर तालमीचा, म्हणजे आमच्या गल्लीतल्या मंडळाचा, खजिनदार पिशवी घेऊन हजर, गणपतीच्या वर्गणीसारखे घरटी पैसे गोळा केलेले, सगळी दहाची नोट आणि चिल्लर.

"भावा, असतील नसतील तेवढी कूपनं काढ. आणि पावती दे."

आता कूपनाची कसली पावती देणार? पण गडी ऐकंना, पुढच्या मीटिंगला हिशोब द्यायचाय म्हणे. शेवटी कोऱ्या कागदावर लिहून शिक्का मारून दिला.

एका पोराची आयडिया, एसएमएस पॅक मारूया, मेसेज फुकटात जातील. त्याला सांगितलं बाबा, वोटिंगच्या नंबरला पॅक चालत नाही, तिथं एका मेसेजला ३ रुपये मेन बॅलन्समधनंच कटणार. शंभराचं कूपन मारलं की सर्व्हिस टॅक्स आणि प्रोसेसिंग फी जाऊन हातात ७५-८० चा टॉकटाइम, म्हणजे २५-२६ मतं. त्या ३ रुपयांत मोबाईल कंपनीचा वाटा, चॅनेलचा वाटा, मला आपलं कूपनामागं चार पैसे कमिशन. गाणं कसं झालं याचा त्या हिशोबात कुठं संबंधच नव्हता, हे मला त्या रात्री काउंटरवर बसून जेवढं कळलं तेवढं टीव्ही बघून कधी कळलं नसतं.

मग लाईट गेली. लोडशेडिंग. मेणबत्तीच्या उजेडात दहाबारा पोरं रुपयाच्या नाण्यानं कूपनं खरवडायला लागली, आणि तालमीतली पोरं ती, जोर किती लावतील! दोन कूपनांचे आकडेच खरवडून गेले. एकानं नावाआधीची स्पेस न देता सात-आठ मेसेज हाणले, प्रत्येकाला 'चुकीचा फॉरमॅट' असा रिप्लाय आला आणि पैसे मात्र बरोब्बर कटले. शिव्या मला.

गर्दी जरा कमी झाल्यावर पोराचे वडील आले. उद्यमनगरात फौंड्रीत होते, सेकंड शिफ्ट करून थेट दुकानात, अंगावर काळी भुकटी तशीच. खिशातनं २ हजार काढून काचेवर ठेवले.

"एवढ्यात भागंल का?"

म्हटलं, "मामा, किती मतं लागतात ते कुणालाच ठाऊक नाही, आकडा दाखवतच नाहीत. फोन आलता का त्याचा?"

"कुठला फोन? आत गेल्या गेल्या काढून घेतलाय. आमी बी तुमच्यागत टीव्हीवरच बघतोय. वाळलाय न्हवं जरा?"

काय बोलणार. आज सांगायला सोपंय की २००५ ला फेम गुरुकुल नावाच्या अशाच एका शोमधनं अरिजीत सिंग फायनलच्या आधीच बाहेर पडला, जिंकले काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी, पुढं कोण कुठं गेलं ते सगळ्यांना माहितीय. त्या रात्री बापाला हे सांगायला अरिजीत कुठला माहीत असायला! मी ५० चं एक कूपन दिलं, बाकीचे पैसे परत त्यांच्या खिशात कोंबले. मेसेज मीच टाईप केला, सेंडचं बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं, आणि 'मत दिल्याबद्दल धन्यवाद' आल्यावर ते मला दोनदा वाचायला लावलं.

पोरगा त्या आठवड्याला वाचला. तालमीनं फटाके लावले, पेढे वाटले, आमच्याच वर्गणीवर वाचला म्हणून कॉलर ताठ. पुढच्याच आठवड्याला बाहेर पडला, कारण दुसऱ्यांदा वर्गणी कोण देतंय?

खजिनदार मात्र उरलेली आठ कूपनं घेऊन माघारी आला, परत घे म्हणून. कंपनी घेत नाही तर मी कुठनं घेऊ? पावती दाखवत तासभर भांडला, मग गणपतीच्या मांडववाल्याला फोन करायला लागतातच की म्हणून घेऊन गेला.