मोटारचोरी, फिलाडेल्फियाचं जेल आणि आप्पांचा प्रश्न

मी पेनसिल्वेनियातल्या एका छोट्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत क्रिमिनल जस्टिस शिकते हे कळलं की गावाकडची माणसं दोनच प्रश्न विचारतात, पोलीस होणार का आणि तिथं बाटवत नाहीत ना. दोन्हीचं उत्तर एकच, नाही. आठवड्यातून एकदा चॅपलला जावं लागतं, बायबलचा एक पेपर कंपलसरी होता, दारूबिरू नाही अशा नियमांवर अ‍ॅडमिशनलाच सही केलीय, आणि आमचे करेक्शन्सचे (म्हणजे जेल, शिक्षा, पॅरोल हा विषय शिकवणारे) सर तास सुरू करताना डोळे मिटून छोटीशी प्रार्थना म्हणतात आणि लगेच पॅरोलचे नियम काढतात. मी आटपाडीची, वारकरी घरातली, त्यामुळं कामाच्या आधी देवाचं नाव घेणं मला जड गेलं नाही.

पहिल्याच सेमिस्टरला एक साधी गोष्ट कळली आणि ती डोक्यातनं जाईना. इथं क्रिमिनल केसचं नाव असतं कॉमनवेल्थ (म्हणजे पेनसिल्वेनियाचं सरकार) विरुद्ध अमुक तमुक, आपल्याकडं महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक. म्हणजे गुन्हा झाला तो सरकारच्या विरोधात, आणि ज्याचं घर फुटलं, ज्याचं डोकं फुटलं तो फक्त साक्षीदार. बोलावलं की यायचं, विचारलं तेवढंच बोलायचं.

मला एकदम आप्पा आठवले. मी नववीत असताना आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, पाच एचपीची, केबल कापून नेली होती. डाळिंबाचा बहर धरलेला, टँकरनं पाणी घालायला पैसे नव्हते, बाग डोळ्यांदेखत सुकली. चोर सापडला, शेजारच्या गावचाच पोरगा, विशीतला. मोटारही सापडली पण ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून, सोडवायला कोर्टात अर्ज, मग तारीख, मग पुढची तारीख. मिळाली तेव्हा गंजून गेलेली. आणि आप्पांना त्या पोराशी कधी एक शब्द बोलता आला नाही. त्याला शिक्षा किती झाली तेसुद्धा आम्हाला दुसऱ्याच कुणाकडनं तरी कळलं.

तर तासाला सरांनी १९७४ ची केस सांगितली, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातली. एल्मायरा नावाच्या गावात दोन तरुण पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली, गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. जवळच्या किचनर शहरातला प्रोबेशन ऑफिसर (जेलऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा) मार्क यँट्झी हा मेनोनाइट या ख्रिश्चन पंथाचा (हे लोक शांततावादी, हत्यार न धरणारे), त्यानं जजला सुचवलं की या पोरांना त्या लोकांच्या दारात नेऊन उभं केलं तर? जजनं मान्य केलं. पोरं दारोदार गेली, मी तुमचं नुकसान केलं असं तोंडावर सांगितलं, कुणाचं किती झालं ते ऐकून घेतलं आणि पुढं ते पैसे भरून दिले. त्यातनंच पीडित आणि गुन्हेगाराला समोरासमोर बसवायचा पहिला कार्यक्रम उभा राहिला, मग १९७८ मध्ये तसाच अमेरिकेत इंडियानातल्या एल्कहार्टला सुरू झाला आणि त्यात पुढाकार होता हॉवर्ड झेर यांचा, तेही मेनोनाइटच. या सगळ्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. मी म्हणते मोडलेलं नीट करणारा न्याय, याहून बरा शब्द मला सापडलेला नाही.

मला ते ऐकून भरून आलं, पण भीतीपण वाटली, आणि ती मी वर्गात बोलून दाखवली. कारण आपल्याकडं समोरासमोर बसवणं म्हणजे काय ते मला माहितीय. चार मोठी माणसं बसतात, आणि नवऱ्यानं मारलेल्या बाईला सांगतात, मिटवून टाक. पोरीची छेड काढली, मिटवून टाका, गावात राहायचंय. मिटवतो तो कायम कमजोरच असतो. वर्गातल्या काही मुलांना माफी हा इतका सोपा शब्द वाटतो की मला राग येतो, मनापासून श्रद्धाळू मुलं आहेत, पण माफी दुसऱ्याच्या वतीनं वाटायला निघतात. सर त्या दिवशी स्पष्ट बोलले की पीडित माणूस आपणहून तयार नसेल तर ती बैठक घ्यायचीच नाही, आणि कुणाला माफ करायला लावणं हासुद्धा एक प्रकारचा अन्यायच. ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत हे ऐकायला मिळालं याचं मला फार बरं वाटलं.

मग आम्हाला फिलाडेल्फियाला नेलं, ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी बघायला. हे जेल १८२९ ला उघडलं, १९७१ ला बंद झालं, आता म्युझियम आहे. यामागं क्वेकर लोकांचा (हाही एक शांततावादी ख्रिश्चन पंथ) विचार होता आणि हेतू शंभर टक्के चांगला, तोवर जेल म्हणजे पुरुष, बाया, पोरं सगळी एकाच कोंडवाड्यात आणि वर फटके. यांनी म्हटलं मारू नका, माणसाला एकांत द्या, बायबल द्या, त्याला आतून पश्चात्ताप होईल. पेनिटेन्शरी हा शब्दच त्या पश्चात्तापावरनं आलाय. प्रत्येकाला वेगळी कोठडी, छताला एक छोटा झरोका, वरनं देव बघतोय अशी कल्पना. कोठडीबाहेर काढताना डोक्यावर टोपडं घालून चेहरा झाकायचे, बोलायला बंदी, वर्षानुवर्षं. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये हे जेल बघून गेला आणि त्यानं लिहिलं की मेंदूवर रोज थोडा थोडा होणारा हा छळ शरीराच्या छळापेक्षा वाईट आहे. मी त्या झरोक्याखाली दोन मिनिटं उभी राहिले, पलस्तर गळून पडलेलं, उजेड बरोब्बर डोक्यावर. देवाच्या नावानं, चांगल्या मनानं बांधलेलं हे. आत बसणाऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि ज्याचं नुकसान झालं तो तर या भिंतींच्या आसपासपण नव्हता.

टर्म पेपरला मी स्वतंत्रपूर घेतलं. आमच्या आटपाडीजवळचीच कैद्यांची वसाहत, १९३९ मध्ये औंध संस्थानात सुरू झाली, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन, ज्यांना भारतानंद म्हणायचे, यांनी. खुनाची शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसकट राहतात, शेती करतात, भोवती भिंत नाही. माझी आजी सांगायची, "कैदी हाईत खरं, पर शेती लई झाक करत्यात." मी लहानपणापासून ते गाव बघत आले आणि ते जेल आहे असं कधी वाटलंच नाही. सर दोन वेळा म्हणाले, यावर अजून लिही. लिहिणार आहे, पण तिथंही मला प्रश्न पडतोच, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराचं काय, त्यांच्याशी कोण बोललं.

परवा रात्री आप्पांना फोन केला आणि ती एल्मायराची गोष्ट सगळी सांगितली. ते बराच वेळ गप्प. मी विचारलं, तो पोरगा तुमच्यासमोर बसवला असता तर तुम्ही काय बोलला असता? मला वाटलं चिडतील. म्हणाले, "मोटार न्हेली ती न्हेली. पर बाग बहरात हाय हे त्येला दिसत हुतं का न्हाई, एवढंच इचारलं असतं. त्योबी शेतकऱ्याचंच पोरगं."

मी ते वाक्य पेपरमध्ये आहे तसं मराठीत टाकलंय, खाली इंग्रजीत अर्थ दिलाय.