कापसाचा पुंजका

शाळेच्या निमंत्रणाचं पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा आठवल्या त्या नववी 'ब'मध्ये घातलेल्या शिट्ट्या. सुवर्णमहोत्सव, नवी इमारत, देणगीदार यांवर बाकीचे लिहितीलच. मी इंग्रजीच्या सरांवर लिहिणार. नाव सांगायला नको. 'फुंकर सर' म्हटलं की आमच्या पिढीला पुरे.

आमचा वर्ग म्हणजे अख्खं सोलापूर. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची पोरं घरी तेलुगू बोलायची. त्यांचा 'एम' 'येम' व्हायचा आणि 'ओन्ली'ची 'वोन्ली'. कानडी घरातल्यांच्या 'बस'ला शेपूट फुटून 'बस्सु' व्हायची. उर्दू बोलणाऱ्या दोस्तांना 'एफ' नि 'झेड' घरूनच यायचे, पण पुढे 'इ' लावल्याशिवाय त्यांचं 'इस्कूल' भरत नसे. आम्ही मराठीवाले सगळ्यांना हसायचो. एके दिवशी सर आमच्याकडे वळले. "आणि तुमच्या व्हॅनमध्ये 'ह' कोण बसवून ठेवलाय रे?" व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, 'ह'चा संबंध नाही, हे तेव्हा कळलं.

विणकराच्या एका पोराला ते मागावरचा कापूस आणायला सांगत. पुंजका तळहातावर घेऊन तोंडासमोर धरायचा आणि 'पिन' म्हणायचं. आमचा हलायचा नाही. सरांचा उडायचा. साहेबाचा पी शब्दाच्या सुरुवातीला फुंकर घालून येतो, आपला 'प' कोरडा. मग सर 'स्पिन' म्हणत आणि कापूस जागच्या जागी. एसच्या मागे उभा राहिला की साहेबाचीही फुंकर जाते!

आता शिट्ट्या. धडा वाचताना मी 'वेस्ट विंड'चं 'व्हेस्ट व्हिंड' केलं. सर म्हणाले, "बनियनचा वारा कुठून सुटला?" वर्ग खिदळला. मी रडवेला. सर बाकाशेजारी येऊन म्हणाले, "बाळा, डब्ल्यूला दात लावायचे नाहीत. शीळ घालताना करतोस तसा ओठांचा चंबू कर." मी केला. शेजाऱ्याने केला, आणि कुणीतरी खरंच शीळ घातली. क्षणात साठ पोरं! मुख्याध्यापक व्हरांड्यातून धावत आले. सर शांतपणे म्हणाले, "डब्ल्यू चाललाय."

'प्लेझर'मधला 'झ' मात्र सरांना शेवटपर्यंत साधला नाही. "हा माझ्याही जिभेला येत नाही, तुम्ही शिका," असं भर वर्गात सांगणारा दुसरा शिक्षक मला भेटला नाही.

आज मी पुण्यात, परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्या मुलांना उच्चार शिकवतो. 'व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर व्हिस्की' ऐकलं की हात आपोआप ओठांकडे जातो. ही मुलं 'वॉटर'चं 'वॉडर' झोकात करतात, पण 'डेव्हलप'मध्ये जोर पहिल्याच अक्षरावर देतात आणि 'लुक्ड'चं 'लुकेड' करतात. तिथे 'एड' नाही, नुसता 'ट' ऐकू येतो, हे मी सरांच्याच आवाजात सांगतो.

शाळेत आता पहिलीपासून इंग्रजी आहे. आम्हाला ते पाचवीत भेटलं. मध्यंतरी येऊन गेलो तेव्हा आमच्या वर्गात भिंतीवर मोठा पडदा होता. त्यातली बाई स्वच्छ बोलत होती. मुलं ऐकत होती, तोंड एकाचंही हलत नव्हतं.

सर समारंभाला येणार आहेत, असं पत्रिकेत आहे. पूर्व भागात कुणाचा माग अजून चालू असेल, तर येताना मूठभर कापूस आणा रे.