चांदणीचा चारा: आषाढातली नोंद

उन्हाळाभर माझी घोडी चांदणी वाळलेल्या मारवेल गवतावर होती. आता बांधावर हिरवं गवत माजलंय आणि जपायची वेळ आलीय. कोरड्यावरून घोडं एकदम हिरव्यावर सोडायचं नाही. मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव गवत आंबवून पचवतात आणि त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. घाईत पोटशूळ उठला तर घोड्याला ओकूनही मोकळं होता येत नाही. म्हणून आधी मूठभर हिरवं, मग हळूहळू वाढ. लीद सैल दिसली की वाढ तिथेच थांबवायची.

वजन टेपनेच काढलं. छातीचा घेर १६५ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७. म्हणजे ३४४ किलोच्या आसपास. त्याचे दोन टक्के, साधारण सात किलो कोरडा चारा रोज. दीड टक्क्याच्या खाली मी जात नाही. एक किलो वाळलेलं कमी केलं की चार किलो हिरवं धरतो, कारण हिरव्यात पाणीच जास्त.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आली तेव्हा तिला भिजवलेल्या हरभऱ्याच्या मोठ्या चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, सवय होती. आता चंदी किलोभरच, तीही तीन वेळांत वाटून. हलक्या कामाला एवढी पुरते. जुने मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारे, आधी पाणी, मग गवत आणि शेवटी तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) असा क्रम पाळत; मीही तोच पाळतो. गव्हाच्या कोंड्यावर मात्र भर देऊ नका. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, त्यामुळे रोजच्या मोठ्या मापाने हाडं पोखरतात. थोडा लसूणघास कॅल्शियमची बाजू सांभाळतो.

पावसाळ्यात माझा सगळा जीव गंजीत अडकलेला असतो. पेंढी उकलली की आधी नाकाशी धरतो. चांगल्या मारवेलला गोडसर वास येतो, काडी कट्कन मोडते. कुबट वास आला किंवा झटकल्यावर करडी भुकटी उडाली, तर अख्खी पेंढी उकिरड्यावर; वरचा थर काढून उरलेलं घालणं मला पटत नाही. नुसती धूळ असेल तर अर्धा तास स्वच्छ पाण्यात भिजवून, निथळून लगेच देतो. या दमट हवेत भिजलेलं गवत लवकर आंबतं.

गवत भरून टांगायच्या बारीक डोळ्यांच्या जाळीचा फार उपयोग झाला. रात्रीचं गवत चांदणी आता सावकाश खाते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत सुटतं, पोट फार वेळ रिकामं राहिलं तर व्रण होतात.

शेजारी गाई असतील त्यांनी गोळी पेंडीचं पोतं कुलपात ठेवावं. काही पेंडींत मोनेन्सिन हे गुरांच्या खाद्यात मिसळायचं औषध असतं. गाईला चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयावर जाते आणि जीव घेते. कोवळ्या ज्वारीपासूनही घोडं लांबच बांधा.

पोळ्याला पुन्हा टेप लावणार आहे. घेर वाढला असेल तर आधी चंदी कमी करेन, गवताला हात लावणार नाही.