रक्तदाब मोजताना कानाने काय ऐकायचे

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना रक्तदाब मोजायला शिकवताना मी यंत्रापेक्षा कानावर अधिक भर देते. दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्यात पुरेशी हवा भरली की धमनी दाबली जाऊन रक्तप्रवाह थांबतो, आणि म्हणूनच कोपराच्या खोबणीत ठेवलेल्या स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येत नाही. मग हवा सावकाश सोडताना पहिला स्पष्ट ठोका उमटतो तो वरचा दाब, आणि ठोके पूर्ण विरतात तो खालचा. १९०५ साली निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने या ध्वनींचे वर्णन केले. हवा घाईने सोडली, तर पहिला ठोका हुकतो आणि वरचा दाब कमी नोंदला जातो. जिना चढून धापा टाकत आलेल्या रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसू द्यावे आणि त्याचा हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. हात खाली लोंबत राहिला, तर आकडा वाढून येतो.