आदेशाच्या कागदावरचे कारण

२४ ऑगस्ट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ साली याच तारखेला, पुट्टस्वामी प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. तेव्हापासून चेंबरमध्ये येणाऱ्या ज्युनिअरांना या क्षेत्राची ओढ वाटू लागली आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र मी त्यांना आधी १९६२ सालचा खरक सिंह निकाल वाचायला देते. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या त्या माणसाच्या दारावर उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री थाप मारत आणि त्याला झोपेतून उठवून तो घरीच असल्याची खात्री करून घेत. न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणाचा हक्क राज्यघटनेने दिलेला नाही, असेही त्याच निकालात म्हटले. न्या. सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदवून तो हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला होता. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

फोन ऐकला जातो तेव्हा दारावर थापही पडत नाही. ज्याचे बोलणे ऐकले जाते, त्याला त्याचा पत्ताच नसतो. राज्याने कोणाचेही बोलणे कधीच ऐकू नये, असे माझे म्हणणे नाही आणि मुंबईत राहून तसे म्हणवतही नाही. २६/११ च्या हल्ल्यात दहशतवादी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोनवर जे बोलत होते, ते आपल्या यंत्रणांनी ऐकले आणि २०१२ साली कसाबचे अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने ती संभाषणे विचारात घेतली. माझे भांडण आहे ते फोन ऐकण्याची परवानगी देणाऱ्या आदेशाच्या कागदाशी.

१८८५ च्या तार कायद्यातील कलम ५(२) प्रमाणे सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक अट पुरी झाल्याखेरीज फोन टॅप करता येत नसे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरील १९९६ च्या निकालाने गृहसचिवांचा आदेश आणि तो तपासणारी आढावा समिती बंधनकारक केली, तर २००७ च्या नियम ४१९-अ ने आदेशाची मुदत ६० दिवस आणि कमाल मर्यादा १८० दिवस ठरवली. प्रत्यक्षात माझ्या हाती पडणारा आदेश बहुधा एकाच पानाचा असतो. वर मोबाइल क्रमांक, मध्ये कायद्यातली शब्दरचना जशीच्या तशी, खाली सही आणि शिक्का. दोन निराळ्या माणसांचे आदेश शेजारी ठेवून ताडले, तर क्रमांक आणि तारीख सोडून काहीच वेगळे सापडत नाही. लाचेच्या एका प्रकरणातले असे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक सुरक्षिततेशी त्यांचा संबंधच दिसत नव्हता. त्या निकालाची प्रत माझ्या ब्रीफमध्ये कायम असते.

बंद लिफाफ्याची अडचण याहून मोठी आहे. सरकारी वकील गोपनीय कागदांचा लिफाफा पीठाकडे देतात, न्यायमूर्ती तो वाचून हलक्या आवाजात आपसात बोलतात आणि समोर उभ्या असलेल्या मला कागदाची पाठकोरी बाजू तेवढी दिसते. तरीही त्यातल्या मजकुराला उत्तर मीच द्यायचे असते. मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेऊन नैसर्गिक न्यायाला फाटा देता येत नाही. त्या दिवशी मला खरोखर हायसे वाटले.

आढावा समितीचा प्रश्न मात्र तसाच आहे. टॅपिंगआधी न्यायिक छाननी व्हावी, ही मागणी १९९६ मध्ये कायद्यात तशी तरतूद नसल्याने मान्य झाली नाही आणि टॅपिंगच्या डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही आढावा सचिवांच्याच हाती राहिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे, की केंद्रीय आढावा समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. इतक्या आदेशांतले कारण कोण आणि कसे वाचणार? पुढच्या सुनावणीत माझ्या अशिलाचा फोन टॅप करण्याच्या आदेशाचा आढावा ज्या बैठकीत झाला, तिचे इतिवृत्त मागणारा अर्ज मी दाखल करणार आहे, आणि त्याचा मसुदा आज रात्रीच पुरा करायचा आहे.