पक्षकाराचा ताबा

१४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वकिलाच्या कामात कसूर झाली तरी त्याच्याविरुद्ध ग्राहक मंचात जाता येणार नाही. भाच्याने तो मोबाईलवर पाठवला आणि मी अथपासून इतिपर्यंत वाचला. तालुका कोर्टात बेंच क्लार्क म्हणून नोकरी झाली माझी, कागद अर्धवट वाचायची सवय नाही.

ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांना ग्राहक कायद्याखाली आणलं होतं, ते या निकालाने रद्द झालं. कारणं बरीच आहेत. माझं डोकं अडकलं ते एका कारणापाशी: वकील कसं काम करतो यावर पक्षकाराचा बऱ्यापैकी थेट ताबा असतो, म्हणून ही वैयक्तिक सेवा, आणि अशी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही.

ताबा! आमच्याकडे पक्षकार वकिलाच्या टेबलापासून दोन हात लांब उभा राहतो. वकीलपत्रावर सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवतात. पुढे विचारायला गेला की "तारीख पडली, या पुढच्या महिन्यात." दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांचा असेलही ताबा. गुंठ्यांवरून भांडणाऱ्या माणसाचा मी तरी पाहिला नाही.

एका मावशींचं सांगतो. नावं, गाव काहीच सांगत नाही. दिराच्या मुलांनी वाटपाचा दावा लावलेला, या प्रतिवादी. त्यातली बावीस गुंठे जमीन नवऱ्याने स्वतःच्या पगारातून घेतलेली, म्हणजे ती वाटपात यायलाच नको. हे सांगायची जागा म्हणजे कैफियत, प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स बजावल्यापासून तीस दिवस, फार तर नव्वद. वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही हेलपाटे घालू नका, मी आहे ना." मावशी थांबल्या घरी. कैफियत आलीच नाही, 'नो डब्ल्यूएस'चा, म्हणजे कैफियतीविना पुढे जायचा हुकूम झाला, पुढे मावशींची बाजू न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा. वाटपाचा हुकूमनामा कलेक्टरकडे जातो. तिथून फिरत फिरत मोजणीची नोटीस घरी आली तेव्हा मावशींना कळलं की आपण दावा हरलोय.

त्या माझ्या टेबलाशी आल्या. "दादा, वकील म्हणतात चालू आहे." क्लार्कने कायद्याचा सल्ला द्यायचा नसतो, पण नक्कल अर्ज कसा करायचा हे सांगायला बंदी नाही. मी म्हटलं, रोजनाम्याची नक्कल काढा. प्रत्येक तारखेला कोण हजर, कोण गैरहजर, कोर्टाने काय केलं, सगळं त्यात असतं. 'पुकारा केला. प्रतिवादी व त्यांचे वकील गैरहजर.' वकिलाविरुद्ध याहून सरळ पुरावा दुसरा नाही. आता तर प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. तो नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

बरं, पुरावा मिळाला. जायचं कुठे? ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१, कलम ३५. तक्रार बार कौन्सिलकडे, आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, मुंबई. शिस्तपालन समितीत तीन जण, तिघेही वकील. शिक्षा म्हणजे ठपका, काही काळ सनद बंद, किंवा यादीतून नाव कायमचं कमी. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. म्हणजे मावशींनी आधी मुंबई आणि मग दिल्ली गाठायची. शिवाय या कलमात वकिलाला शिक्षा आहे, मावशींना नुकसानभरपाई नाही.

भरपाईसाठी दिवाणी दावा. १९२६ च्या एका छोट्याशा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की निष्काळजीपणाबद्दल वकिलावर दावा लावता येतो, वकील आहे म्हणून सूट नाही. आता त्याच तालुक्यात, त्याच बाररूममध्ये चहा पिणारा दुसरा वकील शोधा, जो हा दावा चालवेल! माझ्या नोकरीत असा एक दावा दाखल झालेला मला आठवत नाही.

मनापासून कष्ट करणारे वकील मी खूप पाहिलेत, फी बुडाली तरी हजर राहणारे. ग्राहक मंच आला की हरलेला प्रत्येक पक्षकार वकिलावर केस टाकेल, ही त्यांची भीतीही खोटी नाही. पण हरणं वेगळं आणि कैफियतच न देणं वेगळं. हा फरक रोजनामा वाचणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत कळतो.

मावशींनी तालुक्याबाहेरचा वकील केला. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज, सोबत विलंब माफीचा. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच म्हटलंय. पण पक्षकारानेही चौकशी ठेवायला हवी, असे निकालही आहेत. समोरच्याने तेच वाचून दाखवले. मावशींचा अर्ज मंजूर झाला, समोरच्याला खर्च द्यायच्या अटीवर. तो खर्चही मावशींच्याच पदरचा.

जुन्या वकिलाने फी बाकी आहे म्हणून फाईल अडवली. तसं करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये सांगितलंय. त्या प्रकरणातल्या वकिलाची दीड वर्षाची सनदबंदी मात्र शेवटी ठपक्यावर आली. नव्या वकिलाने हा निकाल दाखवल्यावर मावशींची फाईल सुटली. आत बावीस गुंठ्यांचं मूळ खरेदीखत नव्हतं. दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढली, तीच लावून कैफियत दाखल झाली. दावा अजून चालू आहे.