डिकीत पडून राहिलेला फ्यूज

माझं कार ऑडिओचं दुकान. गाडी आली ती अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा डबा, बदलून घ्यायला. पांढरी स्विफ्ट, डिकीत बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा स्पीकर, शेजारी दोन चॅनलचा अँप. आवाज वाढवला की थोड्या वेळात अँपचा लाल दिवा लागतो, बास गप्प होतो, आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो, अशी मालकांची तक्रार. हा त्यांचा दुसरा अँप. पहिला जळाला तेव्हा ज्यांनी सगळं बसवलं त्यांच्याकडूनच हा घेतला होता, आणि आता तिसरा घ्यायच्या तयारीने ते साताऱ्याला माझ्याकडे आले होते. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याहून येताना, खंबाटकीचा घाट चढताना, मागे मुलीला घेऊन बसलेल्या वहिनींना काहीतरी करपल्याचा वास आला होता. त्यांना वाटलं क्लच असेल.

करपल्याचा वास म्हटलं की मी डिकीकडे जात नाही, आधी बॉनेट उघडतो.

बॅटरीच्या प्लसवरून लाल वायर निघाली होती ती सरळ फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात शिरली होती. मधे फ्यूज नाही. भोकाला ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारं रबरी कडं, नाही. पत्र्याच्या धारेवर घासून वायरच्या आवरणाला चीर पडलेली, आतले तंतू दिसत होते. आणखी काही महिने ती गाडी अशीच फिरली असती तर प्लस थेट बॉडीला टेकला असता. शॉर्ट झालेली गाडीची बॅटरी कित्येकशे अँपिअर ओतते, आणि इथे तिला अडवणारं काहीच नव्हतं. मी आधी बॅटरीचा मायनस काढून ठेवला, मग त्यांना हाक मारून दाखवलं.

"पण अँपला फ्यूज आहे की, दादा."

हेच उत्तर मला बहुतेक सगळे देतात, शिकलेलेही देतात. अँपवरचा फ्यूज अँपसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जी पाचेक मीटर वायर जाते, गालिच्याखालून, दाराच्या पट्टीखालून, तिच्यासाठी वेगळा फ्यूज लागतो, आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लागतो. त्याच्या पुढे वायर कुठेही चेपली, कापली, घासली तरी फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच संपतं. तोच फ्यूज डिकीत अँपच्या शेजारी लावला तर सगळी वायर उघडीच राहते.

मग अँपवरचा फ्यूज बघितला. खोबणीवर 25 अँपिअर छापलेलं, आत 40 चा बसवलेला. "जुना सारखा उडायचा, म्हणून त्यांनी मोठा टाकला," ते म्हणाले. म्हणजे अँप दोन्ही प्रकारे सांगत होता की माझ्यावरचा भार चुकलाय. फ्यूज उडवून सांगत होता, लाल दिवा लावून सांगत होता. त्यातलं एक तोंड बंद केलं गेलं आणि दुसऱ्यापायी ते आता नवा अँप घ्यायला निघाले होते.

भार कसा चुकला होता ते सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचं दुखणं हेच असतं. त्या सबवूफरला दोन कॉईल होत्या, प्रत्येकी 4 ओहमच्या. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अँपवर भार जास्त. दोन्ही पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या की 2 ओहम, सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ, जोडल्या की 8. इथे पॅरलल जोडल्या होत्या. टर्मिनलवर मीटर धरला तर दीडच्या थोडं वर दाखवत होता. डीसीला कॉईल छापील आकड्यापेक्षा कमीच दाखवते, तेव्हा ते बरोबर. अँप मात्र ब्रिज केलेला, म्हणजे दोन चॅनल मिळून एक. आणि ब्रिजमध्ये कमीत कमी 4 ओहम हवा, हे त्याच्याच अंगावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ब्रिज केलेल्या अँपचा प्रत्येक चॅनल भाराचा अर्धा भाग बघतो. 2 ओहम जोडला की प्रत्येकाच्या वाट्याला 1 ओहम येतो. तसं काम त्या अँपकडून कुणी अपेक्षितच धरलेलं नाही.

अँपच्या झाकणावर मोठ्या अक्षरात 1200 वॅट होतं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न वॅटचाच विचारतं आणि खोकी बनवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. मी फ्यूजवरून हिशोब करतो. 25 अँपिअर गुणिले 13.8 व्होल्ट, म्हणजे 345 वॅट अँपच्या आत जाऊ शकतात. हा क्लास एबीचा अँप, म्हणजे बरीच वीज उष्णतेत घालवणारा प्रकार, त्यातले साठ टक्के बाहेर आले तरी खूप. म्हणजे खरी ताकद 200 वॅटच्या आसपास. कमी वीज वाया घालवणारा क्लास डी असता तर पंचाहत्तर-ऐंशी टक्के धरले असते. सबवूफर अडीचशे वॅट आरएमएसचा, म्हणजे तेवढी ताकद सतत सोसणारा, होता. जोडी काही वाईट नव्हती. वाईट होतं ते दोघांच्या मधलं सगळं.

वायरवर 4 गेज छापलेलं होतं. गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड. खरा 4 गेज म्हणजे 21 स्क्वेअर एमएम तांबं. हिचं आवरण जाड आणि आत तंतूंची बारीक जुडी, अंदाजे 10 गेजची, म्हणजे पाच स्क्वेअर एमएमच्या आसपास. एक तंतू ब्लेडने खरवडला तर आतून पांढरा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. लायटरच्या ज्योतीत तांब्याचा तंतू लाल होऊन टिकतो, हा वितळून तुटला. ॲल्युमिनियम वापरूच नये असं मी म्हणत नाही, पण त्याला तांब्यापेक्षा जास्त जाडी लागते आणि जोड नीट क्रिंप, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्के, करावे लागतात. इथे वायर कमी पडली म्हणून मागच्या दाराजवळ दोन तुकडे नुसते पिळून वर टेप गुंडाळली होती. पट्टी उचलली तेव्हा टेप वितळून गालिच्याच्या नमद्यात चिकटलेली होती आणि तळहाताएवढा भाग तपकिरी पडला होता. मुलगी बसते त्याच बाजूला. वहिनींना आलेला वास इथला.

ते गृहस्थ बराच वेळ तिथे उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "नवा अँप कुठला टाकू या?"

मी त्यांना सांगितलं, आज अँप विकणार नाही. आधी हा चालवून दाखवतो.

काढण्याआधी एक माप मात्र मला हवं होतं. फायरवॉलपाशी वायर सोडवून टेप गुंडाळली, जोड उघड्यावर डोळ्यासमोर ठेवला, तात्पुरता फ्यूज घातला, इंजिन चालू करून थोडा वेळ गाणं लावलं. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, अँपवर ढोलाच्या ठोक्याला 11.2. यातले एक व्होल्टपेक्षा जास्त एकट्या ग्राउंडवर, म्हणजे अँपचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडतात तिथे, पडत होते, कारण ग्राउंड म्हणजे रंगवलेल्या पत्र्यात फिरवलेला साधा स्क्रू. ही मोजणी दोन मिनिटांची असते. मीटरचं एक टोक अँपच्या ग्राउंडवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ती न करता लोकांना कपॅसिटर आणि दुसरी बॅटरी विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

मग काम. खऱ्या तांब्याची 4 गेज एकसंध, पुढे मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा मोठा अँप, घ्यायचा झालाच तर पुन्हा गालिचा उचलायला नको. बॅटरीपासून वीतभरावर 60 अँपिअरचा फ्यूज, भोकाला ग्रोमेट, वर जाळीदार नळी. पॉवर डाव्या बाजूने, आरसीए, म्हणजे गाण्याच्या सिग्नलची वायर, उजव्या. ग्राउंडसाठी रंग चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाचा लग नटबोल्टने कसला, वरून गंजरोधक रंग. अँपला त्याचा 25 चा फ्यूज परत. सबवूफरच्या कॉईल सिरीजमध्ये, 8 ओहम.

"आवाज कमी तर होणार नाही ना?"

खरं तेच सांगितलं. 8 ओहमवर अँप 4 च्या निम्मी ताकद देईल, शंभर वॅटच्या आसपास. पण निम्मी ताकद म्हणजे फक्त 3 डेसिबल. गेन, म्हणजे अँपवरचा सिग्नल वाढवायचा नॉब, पूर्ण फिरवलेला होता आणि बास बूस्टही पूर्ण. दोन्ही खाली आणले. सबवूफर सोडवून 50 हर्ट्झचा टोन लावला आणि अँपच्या आउटपुटला 28 व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवला. शंभर वॅट गुणिले 8 ओहम, त्याचं वर्गमूळ, तेच ते 28. लो पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, 80 हर्ट्झवर. मग सबवूफर जोडून त्यांचंच गाणं लावलं. अँपवर ठोक्याला 13.5 व्होल्ट. ते डिकीशी उभे राहिले, मग पुढच्या सीटवर जाऊन बसले, आणि म्हणाले की ठोका आधी गुबगुबीत यायचा, आता एकेक सुटा ऐकू येतोय. अर्धा तास वाजवला, लाल दिवा लागला नाही.

हे सगळं झाल्यावर सामान परत ठेवताना स्टेपनीच्या खळग्यात एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. वायरिंग किटमधलं उरलेलं सामान. त्यात फ्यूज होल्डर होता, काचेचा फ्यूज होता, ग्रोमेटही होतं. पिशवीची स्टेपलची पिनसुद्धा काढलेली नव्हती. म्हणजे पैसे घेऊन झाले होते, सामान गाडीत होतं, फक्त बसवलं नव्हतं. लावायला वीस मिनिटं लागली असती.

कुणी बसवलं ते मी विचारलं. भांडायला नाही, फोन करून सांगायला, कारण जो एका गाडीत असं करतो तो सगळ्याच गाड्यांत करत असणार. ते गप्प झाले. मग म्हणाले, "राहू द्या दादा, भावकीतलं पोरगं आहे. नवीनच दुकान टाकलंय त्यानं."

मला त्या पोरावर पूर्ण राग धरता येत नाही. या कामाचं शिक्षण आमच्याकडे दुकानातच मिळतं, ज्याच्या हाताखाली राहाल त्याच्याकडून. त्याला कुणी बिनफ्यूजचं शिकवलं असेल तर तो तसंच करणार आणि उद्या त्याच्या हाताखालचा मुलगाही. पण नाव न घेता मी त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हे मला अजून सुचलेलं नाही. मी ती पिशवी आणि करपलेला जोड त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, तुम्ही भावकीतले आहात, तुम्हीच त्याला नेऊन दाखवा. आणि त्याने आणखी कुणाकुणाच्या गाडीत काम केलंय ते विचारा.

दिवाळीआधी त्यांचा फोन आला. पोराशी बोलणं झालं नाही म्हणाले, घरात वाईट दिसेल. पण मेहुण्याची गाडी त्यानेच केली होती, तिचं बॉनेट त्यांनी स्वतः उघडून बघितलं होतं. लाल वायर बॅटरीवरून सरळ भोकात. मी त्यांना फोनवरच वायर बॅटरीवरून सोडवून टोकाला टेप गुंडाळायला लावली. मेहुणे बासशिवाय दिवाळी करायला तयार नव्हते, म्हणून ती गाडी रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा, मी करून दिली.